निदान पुढच्या पानापर्यंत

मराठीत 'निदान' हा शब्द दोन कामं करतो. डॉक्टर करतात ते निदान. आणि 'निदान एक फोन तरी करायचास' यातलं निदान. पहिलं कारण शोधतं, दुसरं 'अगदी काही नाही तर एवढं तरी' असं म्हणतं. संस्कृतात या शब्दाचा एक जुना अर्थ दोरी, दावं असा आहे. आणि दुसरा अर्थ मूळ कारण. दाव्याचा माग काढत खुंटापर्यंत जायचं, तसं काहीसं.

मला या दोन अर्थांच्या मधल्या जागेबद्दल लिहायचं आहे. आपल्या भरवशावर असलेल्या एखाद्या जिवाचं काहीतरी बिघडलंय हे दिसतंय, पण काय बिघडलंय ते कळत नाही, अशी ती जागा. कारण माहीत नसताना आपण त्या जिवाचं काय देणं लागतो? ताबडतोब काहीतरी करणं, की थांबणं? मूल, म्हातारे आईवडील, घरातलं कुत्रं यांच्याबद्दल हा प्रश्न विचारला की भावना इतक्या पटकन आड येतात की विचार पुढे सरकत नाही. म्हणून मी मुद्दाम असं उदाहरण घेते ज्याला ना आवाज आहे, ना चेहरा: घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस.

ज्यांनी हे झाड पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पानाच्या टोकातून एक तंतू निघतो आणि त्याच्या टोकाला झाकण असलेला घडा लोंबतो. घड्यात पाचक रस असतो. गुळगुळीत काठावरून घसरलेली मुंगी आत पडते आणि नापीक जमिनीत जो नायट्रोजन मिळत नाही तो झाडाला असा मिळतो. याच्या दीडशेहून जास्त जाती आहेत. बोर्निओ, सुमात्रा, फिलिपीन्स हे मुख्य घर. पण मादागास्कर, सेशेल्स, श्रीलंका इथेही नातेवाईक आहेत. भारतात एकच जात रानात सापडते, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. गारो लोक तिला 'मेमांग कोक्सी' म्हणतात, भुताची टोपली. लिनीयसने १७३७ मध्ये या कुळाला नाव दिलं ते मात्र होमरच्या 'ओडिसी'तून घेतलं: हेलन दारूत जे औषध मिसळते, ज्याने माणूस दुःख विसरतो, ते नेपेंथी. एकाला भुताची टोपली दिसली, दुसऱ्याला दुःखावरचा उतारा. झाड तेच.

मी इंग्लंडमध्ये राहते आणि काही वर्षं ही झाडं वाढवते. इथे ती वाढवणं म्हणजे एक छोटं खोटं जग बांधणं. काचेची पेटी किंवा हरितगृह, एलईडी दिवे, धुकं सोडणारं यंत्र, रात्री गारवा यावा म्हणून पंखा. माती चालत नाही. स्फॅग्नम शेवाळ, परलाइट, ऑर्किडची साल. नळाचं पाणी चालत नाही. लंडन आणि आसपासच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमच्या पुढे चुनखडीचे क्षार असतात, जे आपल्या चहाच्या किटलीत पांढरे होऊन बसतात. म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवायचं. या देशात पावसाचं पाणी साठवायला लागणं याची गंमत वाटते, पण ते असू द्या.

आणि मग एक दिवस नवं पान वाकडं येतं. एका बाजूने आखडलेलं, पन्हळीसारखं दुमडलेलं, कधी नुसता टोकाचा शेंडा तपकिरी. पुढचं पान आणखी लहान. घडा धरतच नाही. तंतूचं टोक वाळून जातं. किंवा वाढ ठीक असते पण जुन्या पानांवर तांबडे, काळे ठिपके उमटतात.

कारणं काय असू शकतात? पहिला संशयित ब्रॉड माइट, एक कोळीवर्गीय जीव, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून लहान. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो शेंड्यातल्या कोवळ्या पेशी शोषतो आणि त्याच्या लाळेने पान वेडंवाकडं होतं. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला तो पांढऱ्या माशीच्या पायांना धरून प्रवाससुद्धा करतो. दुसरा संशयित थ्रिप्स, आपल्याकडचे शेतकरी ज्याला फुलकिडे म्हणतात. ते पानावर चंदेरी चट्टे आणि काळे कण सोडतात. मग मावा, पिठ्या ढेकूण. मग किडीविना होणारी कारणं: हवा कोरडी, थंड रात्री लागणाऱ्या डोंगरी जातीला उकाडा, किंवा सखल भागातल्या जातीला गारठा, मुळाशी साचलेले क्षार, खताचा मारा, कॅल्शियमची कमतरता, जी नेहमी नव्या पानांत दिसते कारण झाड जुन्या पानातलं कॅल्शियम काढून नव्याला देऊ शकत नाही, नुकतीच बदललेली कुंडी, कुजून घट्ट झालेलं शेवाळ.

अडचण अशी की यातल्या निम्म्यांचं रूप एकच असतं: वाकडं पान. आणि उपाय एकमेकांच्या विरुद्ध. हवा कोरडी असेल तर धुकं वाढवावं. पण ब्रॉड माइटला उबदार दमट हवा आवडते. कॅल्शियम कमी असेल तर द्यावं. क्षार साचले असतील तर द्यावं नाहीच, उलट पावसाच्या पाण्याने कुंडी धुवावी. शेवाळ कुजलं असेल तर कुंडी बदलावी. झाड आधीच ताणात असेल तर मुळांना हात लावणं म्हणजे त्यात भर. या झाडाची मुळं निरोगी असतानाही काळी आणि बारीक असतात. तुळस, मोगरा वाढवलेला माणूस ती पाहतो, 'मुळं सडली' म्हणतो आणि कात्री आणतो. ज्ञान होतं, पण दुसऱ्या झाडाचं.

ठिपक्यांचंही तेच. बुरशीचा ठिपका असेल तर तो पसरतो, बहुधा कडेला वेगळ्या रंगाचं वलय घेऊन. पण घटपर्णीच्या पानांवर मुळातच बारीक मधुग्रंथी असतात. त्यांतून गोड थेंब येतात, त्या गोडव्यावर काळी काजळी बुरशी वाढते आणि ओल्या कापडाने पुसली की जाते. तीव्र उजेडात काही जातींची पानं तांबूस होतात. तळाची जुनी पानं वयानेही डागाळतात, आणि जुना घडा झाकणाकडून वाळत येतो. हे आजार नाहीत. म्हणून जाणकार लोक एक साधी गोष्ट करतात: पानावर ठिपक्याभोवती मार्करने बारीक रेघ काढतात आणि तारीख लिहून ठेवतात. दोन आठवड्यांनी ठिपका रेघेच्या आत असेल तर ती जुनी जखम आहे, बाहेर गेला असेल तर काहीतरी जिवंत आहे. भिंग घेऊनही जे कळत नाही ते कधीकधी काळ सांगतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी आणि माझ्या मते सगळा नैतिक प्रश्न तिच्यात आहे. आज उलगडलेलं वाकडं पान आज वाकडं झालेलं नाही. ते शेंड्याच्या आत कोंब असताना दुखावलं गेलं, काही आठवड्यांपूर्वी, सावकाश वाढणाऱ्या जातींत काही महिन्यांपूर्वी. आपल्याला दिसते ती भूतकाळाची खूण. कदाचित कारण निघूनही गेलं असेल: ऑगस्टमधली ती उकाड्याची लाट, हीटिंग सुरू झालं तो कोरडा आठवडा. कदाचित कारण अजून शेंड्यात बसलेलं असेल. पान दोन्ही बाबतींत तसंच दिसतं. आणि एकदा वाकडं झालेलं पान कधीही सरळ होत नाही. म्हणजे आपण काही केलं आणि ते बरोबर होतं की चूक, हे या पानावरून कळणारच नाही. पुढचं पान यावं लागेल.

आयुर्वेदात निदानाची पाच अंगं सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीच्या बारीक खुणा, रूप म्हणजे लक्षणं, उपशय, आणि संप्राप्ती म्हणजे रोग कसा घडत गेला त्याचा क्रम. यातला उपशय मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. रोग ओळखू येत नसेल तर एखादं औषध, आहार किंवा दिनचर्या देऊन पाहायची. आराम पडला की त्यावरून रोग ओळखायचा. म्हणजे उपचार हाच प्रश्न विचारण्याचा मार्ग. पण त्यात एक अट दडलेली आहे. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. आर्द्रता वाढवली, कीटकनाशक फवारलं, कुंडी बदलली, दिवा वर केला, सगळं एकाच रविवारी, आणि झाड सुधारलं तर आपण काहीच शिकलो नाही. मेलं, तरीही नाही.

मग आपण असं का करतो? कारण 'काहीतरी करायला हवं' ही भावना आजाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला जास्त छळते. आजाऱ्याच्या उशाशी नुसतं बसवत नाही. काढा करा, पाय चोळा, दृष्ट काढा, फोन फिरवा. यात प्रेम असतं हे खरं. पण काही वेळा या धावपळीचा उपयोग रोग्यापेक्षा आपल्यालाच होतो, आपली बेचैनी उतरते. झाडाच्या बाबतीत हे स्वच्छ दिसतं, कारण झाड आभार मानत नाही आणि तक्रारही करत नाही. फवारणीनंतर ज्याला बरं वाटतं, तो फवारणारा असतो.

याच्या विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. थांबणं हे काही आपोआप शहाणपण होत नाही. शेंड्यात माइट असेल आणि आपण 'पुढचं पान पाहू' म्हणत बसलो, तर पुढचं पान येणारच नाही, शेंडाच जळेल. शिवाय तोवर शेजारच्या दहा कुंड्यांत तो पोचलेला असेल. संयम म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते पुष्कळदा आळसाला दिलेलं चांगलं नाव असतं. तेव्हा 'करावं की थांबावं' हा प्रश्नच अपुरा आहे. मी तो असा विचारेन: कारण कळण्याआधीही जे करणं योग्यच आहे, असं काय आहे?

असं बरंच आहे. झाड वेगळं ठेवणं: कारण कीड असेल तर बाकीची वाचतात, नसेल तर फारसं बिघडत नाही. वीसपट भिंगाने शेंडा पाहणं, पानाची खालची बाजू पाहणं. कधी काय बदललं ते लिहून काढणं. शेजारच्या झाडांकडे पाहणं. एकाच जातीच्या चार कुंड्यांपैकी एकच आजारी असेल तर हवेला दोष देता येत नाही, आणि वेगवेगळ्या जातींची सगळी एकदम वाकडी झाली असतील तर एका कुंडीच्या शेवाळाला देता येत नाही. वाकडं पण हिरवं पान न कापणं. ते कुरूप असेल, पण अजून झाडाला जेवू घालतंय. आणि नंतर, पुराव्याचं पारडं झुकेल तिकडे, एकच बदल. जे परत फिरवता येतं ते आधी, जे फिरवता येत नाही ते शेवटी. हे सगळं 'निदान एवढं तरी' या अर्थाचं निदान आहे, आणि ते पहिल्या अर्थाच्या निदानाची वाट पाहत थांबत नाही.

निदान चुकतं तेव्हा बहुतेक वेळा माहिती कमी असल्यामुळे चुकत नाही. हाताशी तयार असलेल्या शब्दामुळे चुकतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात उष्ण प्रदेशांतली झाडं आणायचं वेड होतं. 'ट्रॉपिकल' या एका शब्दावर ती कोंदट, तापवलेल्या काचघरांत ठेवली जात. त्या घरांना 'स्टोव्ह'च म्हणत. डोंगरमाथ्यांवरची असंख्य ऑर्किड त्यांत शिजून मेली. घटपर्णीतली सर्वांत मोठ्या घड्यांची जात, नेपेंथिस राजा, बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर सुमारे १५०० ते २६५० मीटर उंचीवर वाढते. तिथे रात्री स्वेटर लागतो. विषुववृत्त जवळ आहे हे खरं, पण झाड विषुववृत्तावर राहत नाही, ते एका विशिष्ट उतारावर राहतं. माळ्यांना कोळसा कमी पडत नव्हता, मायाही कमी नव्हती. एक शब्द झाडाच्या आधी तिथे पोचला होता.

आपण परदेशात राहणाऱ्यांनी हे दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. परिचयातल्या एका घरी सासूबाई सातारहून इथे कायमच्या राहायला आल्या. थकवा, अंगदुखी, गप्प बसणं, थंडी सोसेना. वर्षभर सगळे एकच म्हणत होते, 'त्यांना इथे करमत नाही.' त्याही तेच म्हणत होत्या. करमत नाही हा आपला इतका परिचयाचा, इतका समजूतदार शब्द की त्याच्या पलीकडे कोणी पाहिलंच नाही. शेवटी रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड निघाला. याच्या नेमकं उलटंही मी पाहिलंय: एका गृहस्थांच्या तपासण्यांवर तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या, आणि खरोखरच त्यांना करमत नव्हतं, दुपारी मराठीत बोलायला कोणी मिळाल्यावर जेवू लागले. पहिल्या घरी परिस्थितीला दोष दिला आणि रोग सुटला. दुसऱ्या घरी रोग शोधला आणि परिस्थिती सुटली. दोन्ही घरी माया भरपूर होती. एकाही घरी दुसऱ्या शक्यतेला दार उघडं ठेवलं नव्हतं.

आता त्या झाडाचं आपण मुळात देणं का लागतो, याकडे येते. काही जण म्हणतील, झाडच ते. त्याला वेदना होत नाहीत, मेलं तर दुसरं आणावं. झाडाला वेदना होते असा माझाही दावा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. मेघालयातल्या उतारावर घटपर्णीचं एखादं पान वाकडं आलं तर तो कोणाचाच प्रश्न नसतो. तिथे माइटला खाणारे जीव आहेत, क्षार धुणारा पाऊस आहे, वारा आहे, शेजारी आणखी रोपं आहेत. माझ्या काचपेटीत हे सगळे मार्ग मीच बंद केलेत. पाऊस मी, वारा मी, रात्र मी. जिथे सगळी परिस्थिती आपण बांधली तिथे 'त्याचं नशीब' म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही. जबाबदारी वेदनेतून येते तशी ती परावलंबनातूनही येते. आणि परावलंबन आपण निर्माण केलेलं असेल तर अधिकच.

म्हणून दोष आणि कारण वेगळे ठेवायला हवेत. निदान करताना आपल्याला दोषी हवा असतो: रोप विकणारा, आधीचा मालक, ज्याने शनिवारी पाणी घातलं तो. दोषी सापडला की समाधान होतं, आणि समाधान झालं की शोध थांबतो. कारण शोधणं म्हणजे मात्र पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते शोधणं. जबाबदारी मान्य करायला दोष सिद्ध व्हावा लागत नाही.

याची खरी परीक्षा फांदी देताना होते. घटपर्णीची हौस असलेली माणसं एकमेकांना फांद्या देतात. खोडाचा तुकडा ओल्या शेवाळात खोचला की काही आठवड्यांत मुळं फुटतात. समजा, माझ्या झाडाचं गेल्या वेळचं पान थोडं आखडलेलं आलं. भिंगात काही दिसलं नाही. बहुधा काही नसेल. समोरचा मोठ्या आशेने आलाय. 'थोडं वाकडं आहे, ताणामुळे असेल' असं म्हणून द्यावी का फांदी? अनेक जण देतात, आणि खोटंही बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत असतं. पण इथे आपण आपली शंका स्वतःजवळ ठेवतो आणि तिचा धोका दुसऱ्याला देतो. त्याच्या घरी चाळीस झाडं आहेत. मला वाटतं, फांदीबरोबर शंकाही द्यायला हवी, तितक्याच स्पष्ट शब्दांत: 'कारण कळलेलं नाही. दोन सरळ पानं येईपर्यंत वेगळी ठेव.' किंवा म्हणावं, 'पुढच्या वसंतात ये.' ज्ञान वाटून घेणं सोपं असतं, त्यात मान मिळतो. अज्ञान वाटून घ्यायला जास्त सचोटी लागते.

आणि काही वेळा झाड टाकावं लागतं. कीड हटत नाही, बाकीची झाडं धोक्यात आहेत, तेव्हा एकाला पिशवीत बांधून कचऱ्यात घालणं हे क्रौर्य नव्हे. पण तिथेही सगळी झाडं सारखी नसतात. दुकानात ढिगाने मिळणारं संकरित रोप वेगळं. नेपेंथिस खासियाना वेगळी: आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत, असलेल्या या कुळातल्या दोनच जातींपैकी ती एक, दुसरी ती किनाबालूवरची राजा. रानातली तिची जागा खाणी, तोडलेली जंगलं आणि झाडं उपटून नेणारे हात यांनी आक्रसत आली आहे. तिचं लागवडीतलं रोप टाकण्याआधी मी शेंडा कापून टाकून खालून नवा फुटवा येतो का, हे पाहीन, वर्ष गेलं तरी. निर्णय एकच असला तरी त्याची किंमत सगळीकडे एक नसते, आणि ती आधी मोजायला हवी.

बरं होणं म्हणजे काय, याबद्दलही हे झाड काही सांगतं. आपल्याला वाटतं, बरं होणं म्हणजे बिघडलेलं सुधारणं. घटपर्णीत तसं काही होत नाही. वाकडी पानं वर्ष-दीड वर्ष तशीच खोडावर राहतात, शेंडा त्यांना मागे टाकून वर जातो. निरोगी झाडाच्या खोडावरही मधेच दोन-तीन आखडलेली पानं दिसतात आणि ज्याला माहीत आहे तो त्यावरून सांगू शकतो, त्या हिवाळ्यात काहीतरी झालं होतं. काय झालं होतं ते कदाचित कधीच कळलेलं नसतं. एक बदल केला, वाट पाहिली, पुढचं पान सरळ आलं, आणि त्याच्या टोकाला शेंगदाण्याएवढा घडा फुगू लागला. कारणाच्या रकान्यात प्रश्नचिन्हच राहिलं, पण वहीत त्याच्यापुढे काय केलं आणि कधी केलं, ते लिहिलेलं आहे.